मुसळं, घागरी आणि मांजरं-कुत्री

आजोबांची ती वही आता माझ्या टेबलाच्या खणात असते. लांबट, जाड पुठ्ठ्याची, कोपरे वाळवीने कुरतडलेले. मुळात ती पोर्तुगीज अमलातल्या सरकारी कचेरीतली कोरी खतावणी, म्हणजे हिशेबाची वही. प्रत्येक पानाच्या माथ्यावर डावीकडे 'देव्ह' आणि उजवीकडे 'आव्हेर' असं छापलेलं आहे. आपलं नावे आणि जमा. आत आकडा मात्र एकही नाही. निळ्या शाईत, वळणदार देवनागरीत, इंग्रजी लिहिलेलं आहे. 'टु लेट द कॅट आउट ऑफ द बॅग.' देव्हच्या रकान्यात, पिशवीतून मांजर बाहेर सोडणे. आव्हेरच्या रकान्यात, गुपित फोडणे. आणि समासात एक पिशवी, तिच्या तोंडातून बाहेर आलेल्या दोन मिशा.

इंग्रजी देवनागरीत का लिहिलंत, असं मी लहानपणी विचारलं होतं. ते म्हणाले, "स्पेलिंगवर माझा विश्वास नाही बाय, कानावर आहे."

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा आजोबा ३३ वर्षांचे होते आणि कचेरीत कारकून होते. शिक्षण पोर्तुगीजमधलं, सेगुंद ग्राव म्हणजे दुसऱ्या श्रेणीपर्यंतचं. घरात बोलणं कोकणी, वाचन-लेखन आणि देवळातली पोथी मराठी. आमच्या अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंड्याकडच्या, पुष्कळ घरांत आजही असंच आहे. (त्यांचं बोलणं मी इथे मराठीतच लिहिते आहे.) इंग्रजीशी संबंध नव्हता. आणि बघता बघता कचेरीचा कारभार इंग्रजीत गेला. "एका दिवशी बोआ तार्द म्हणून कुलूप लावलं आणि दुसऱ्या दिवशी गुड मॉर्निंग म्हणून उघडलं," असं ते सांगत. घटना इतकी झटपट घडली नसणार, पण त्यांना ती तशी वाटली, आणि तेहतिसाव्या वर्षी पोराबाळांचा बाप असलेल्या माणसाला पुन्हा पाटी-पेन्सिल हातात घ्यावी लागली हे खरंच होतं. सुटा शब्द अडला तर शब्दकोशात सापडे. पण चार साधे, ओळखीचे शब्द एकत्र येऊन भलतंच बोलू लागले की शब्दकोशही हात टेकी.

वही सुरू झाली ती अशाच एका वाक्याने. बाहेरून बदलीवर आलेले एक मराठी साहेब होते. दमणला दौऱ्यावर निघताना ते आजोबांना म्हणाले, "कीप मी पोस्टेड." आजोबांनी 'पोस्ट' एवढा शब्द पक्का धरला. साहेब परत येईपर्यंत रोज एक पत्र लिहून, स्वतःच्या पैशाने तिकीट लावून, दमणच्या पत्त्यावर धाडलं. कुठली फाइल कुठवर सरकली, कोण रजेवर गेला, कपाटावर छप्पर कुठे गळतं, सगळं. साहेब परतले तेव्हा त्यांच्या हातात आठ पत्रं होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "भाऊसाहेब, पोस्टाने नसतं कळवलंत तरी चाललं असतं. पण इतकं नीट मला आजवर कुणी कळवलेलं नाही." मग त्यांनी त्या वाक्याचा अर्थ सांगितला. दोघेही खूप हसले. आजोबांनी त्याच संध्याकाळी रद्दीत निघालेली ती खतावणी घरी आणली. पहिल्या पानावर पहिली ओळ, 'कीप मी पोस्टेड'. देव्हच्या रकान्यात टपालपेटीचं चित्र.

किती वर्षांनी तरी माझ्या वाचनात आलं, की या 'पोस्टेड'चा टपालाशी संबंधच नाही. रोजकीर्दीतली नोंद खतावणीत चढवणं याला हिशेबाच्या इंग्रजीत 'पोस्टिंग' म्हणतात. ज्याच्या नोंदी आजपर्यंत चढवलेल्या आहेत तो हिशेब 'पोस्टेड', आणि त्यावरून ज्याला ताजी माहिती पुरवली जाते तो माणूसही 'पोस्टेड'. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत हा वापर रूढ झाला. म्हणजे आजोबांनी तो वाक्प्रचार नकळत त्याच्या मूळ घरीच नेऊन लिहिला होता, खतावणीत. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. बराच वेळ वहीच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत बसले.

ती वही माझ्यासाठी उघडली गेली १९८४ च्या पावसाळ्यात. आमच्या गावात चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळा, आणि पाचवीपासून तालुक्याच्या हायस्कुलात सगळे विषय इंग्रजीतून. गोव्यातल्या कितीतरी मुलांची वाट आजही हीच आहे. जूनपर्यंत जे गणित होतं ते एकाएकी 'मॅथ्स' होतं; बेरीज येत असते, पण बेरीज कर असं सांगितलेलं कळत नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला आपण कालपर्यंत हुशार होतो आणि आज ढ झालो असं वाटायला लागतं. या वाटण्याचं ओझं मोठ्या माणसांना कळत नाही असं माझं आजही ठाम मत आहे.

पहिल्या चाचणीचे पेपर परत देताना वर्गशिक्षक माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "यू मस्ट पुल अप युअर सॉक्स." मी खाली पाहिलं. पावसाळा होता, पायांत रबरी सँडल होत्या, पिंडऱ्यांवर लाल चिखलाचे शिंतोडे. सॉक्स नव्हतेच. मी उभी राहिले आणि जेवढं इंग्रजी येत होतं तेवढ्यात उत्तर दिलं, "सर, नो सॉक्स." वर्ग हसला. सरही हसले. मला रागावले असते तर मी विसरले असते, पण ते हसले आणि पुढच्या बाकाकडे गेले, अर्थ न सांगता. त्या चार शब्दांत काय दडलं होतं ते मला कळलं नाही, आणि कळलं नाही हे मात्र सगळ्या वर्गाला कळलं.

घरी येऊन मी सोप्यावर बसून रडले. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. "जाऊ दे" म्हणाले नाहीत. विचारलं, "तू खाली पाहिलंस?"

"हो."

"बरोबर केलंस. वाक्यात सॉक्सच होते. जे ऐकलं ते पाहिलंस." मग आत जाऊन वही घेऊन आले. "हसले त्यांना दोन्ही रकाने ठाऊक होते. तुझा एकच भरलेला होता. दुसरा आपण भरू."

त्या दिवशी मी देव्हच्या बाजूला मोजे वर ओढणारी मुलगी काढली, आणि आव्हेरच्या बाजूला आजोबांनी सांगितलं ते लिहिलं: कंबर कसणे. लिहिता लिहिता मीच थांबले. "आजोबा, पण कंबर कुणी कसतं का?" ते इतके खूश झाले की त्यांनी आजीला आतून हाक मारून बोलावलं. आजीने पदर खोचून, नऊवारीची गाठ आवळून, विहिरीवर घागर ओढायला जाण्याआधी काय करतात ते तिथेच करून दाखवलं. कंबर कसणे हे शब्द मी चौथीत दहा वेळा लिहिले होते. 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.' त्यात एक खरोखरची कंबर आहे, हे मला इंग्रजी मोज्यांमुळे समजलं.

मग रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की एक कोडं. आजोबांनी ही कोडी कुठून गोळा केली होती कोण जाणे. जुन्या मासिकांतून, साहेबांकडून, मुंबईहून येणाऱ्या नातलगांकडून. इंग्रजीत ती कितीतरी पिढ्यांच्या तोंडची आहेत, पण मला ती फक्त आजोबांची वाटत. पहिलं मला आठवतं ते असं: "व्हॉट इज ब्लॅक अँड व्हाइट अँड रेड ऑल ओव्हर?" काळं, पांढरं आणि सगळीकडे लाल. मी विचार केला आणि म्हटलं, बुलबुल. आमच्या परसात तांबड्या गालांचे बुलबुल येत, काळे-पांढरे. आजोबांनी मान डोलावली, "हे उत्तरही चुकीचं नाही," आणि मांडीवरचं वर्तमानपत्र उचलून दाखवलं. काळं-पांढरं, आणि पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत 'रेड', म्हणजे वाचलेलं.

या कोड्यात वहीची सगळी करामत होती. इंग्रजी पुस्तकात लाल 'रेड' आणि वाचलेलं 'रेड' यांची स्पेलिंग वेगळी. कागदावर कोडं छापायचं तर एक काहीतरी निवडावं लागतं, आणि निवडलं की कोडं अर्धं उघडं पडतं. देवनागरीत दोन्ही एकच, रेड. देवनागरी कानाने लिहिते, आणि हे विनोद कानातच राहतात. ऊन देणारा सन आणि मुलगा सन. रात्रीची नाइट आणि चिलखतातला नाइट. तुकडा पीस आणि शांती पीस. आजोबांच्या वहीत हे सगळे जुळे भाऊ शेजारी शेजारी बसलेले आहेत. इंग्रजी भाषा ज्या जोड्या डोळ्यांसाठी वेगळ्या करून ठेवते त्या आमच्या लिपीने पुन्हा एकत्र आणल्या. स्पेलिंगवर विश्वास नाही, या त्यांच्या बोलण्याचं मोल मला मोठेपणी कळलं. त्यांनी इंग्रजी आधी ऐकलं आणि मग लिहिलं. आम्ही मुलं आधी लिहीत होतो आणि ऐकतच नव्हतो. अजूनही शाळांत बहुतेक असंच चालतं, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

पण वहीतलं माझं सर्वांत आवडतं पान पावसाचं आहे. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तेव्हा पावसाबद्दल बोलायला आमच्याकडे भरपूर वेळ असतो. त्या पानावर रकाने मोडून आजोबांनी मधोमध आमचंच घर काढलं आहे, मंगळुरी कौलांचं, पुढे तुळस, पागोळ्या. वरती आकाशाचे तीन भाग. पहिल्यातून मुसळं पडताहेत. खाली लिहिलंय, मुसळधार. दुसऱ्यातून मातीच्या घागरी पडताहेत. खाली, 'शोव्हेर आ कांतारुश'. पोर्तुगीज लोक धो धो पावसाला घागरींनी पडणारा पाऊस म्हणतात. आणि तिसऱ्यातून शेपट्या ताठ करून मांजरं आणि कुत्री. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज.'

आजीने ते चित्र पाहून आपला निर्णय दिला होता. "मुसळं पडली तर कौलं फुटतील. मांजरं पडली तर दूध राहणार नाही. घागरीच बऱ्या, दोन-चार तरी धड मिळतील." आमच्या घरी त्यानंतर कितीतरी वर्षं मोठी सर आली की कुणीतरी म्हणे, "आज घागरी की मुसळं?" आणि कडाडून वीज झाली की, "आज मांजरं."

मी जन्मापासून मुसळधार पावसात भिजत होते, पण त्या शब्दात मुसळ आहे हे मी कधी पाहिलं नव्हतं. घरात मुसळ होतं, आजी त्याने पोहे कांडायची, आणि तरीही नाही. आपल्या भाषेतली चित्रं रोजच्या वापराने नाण्यावरच्या छापासारखी झिजून गेलेली असतात. शेजारी परक्या भाषेतलं मांजर पडलं, तेव्हा मला आमचं मुसळ दिसलं. इंग्रजी शिकण्याचा हा फायदा मला कुणी सांगितला नव्हता.

ही मांजरं-कुत्री आली कुठून याची खात्रीची हकीकत नाही. जोनाथन स्विफ्टच्या १७३८ मध्ये छापलेल्या संवादांत हा वाक्प्रचार आहे, आणि त्याच्याही आधी सतराव्या शतकातल्या लेखनात कुत्र्या-मांजरांच्या पावसाचे उल्लेख सापडतात. माझ्या वर्गातली मुलं इंटरनेटवरून एक गोष्ट वाचून येतात, की जुन्या काळी इंग्लंडात जनावरं गवताच्या छपरांवर झोपत आणि पावसात घसरून खाली पडत. ती गोष्ट १९९९ च्या सुमाराला ई-मेलमधून फिरलेल्या एका मजकुरातली, रचलेली आहे. मुलांना मी तसं स्पष्ट सांगते. त्यांचे चेहरे पडतात, मग मी त्यांना या पावसातला जुना विनोद सांगते: मांजरा-कुत्र्यांचा पाऊस पडून गेल्यावर रस्त्यात जपून चाला, नाहीतर 'पूडल'मध्ये पाय पडेल. डबकं म्हणजे 'पडल', केसाळ कुत्रा म्हणजे 'पूडल'. एका मात्रेचा फरक. तो फरक ऐकू येण्यासाठी मुलं ते दोन शब्द दहा दहा वेळा म्हणतात, आणि कुणालाही दहा वेळा म्हण असं सांगावं लागत नाही.

पुढे आठवीत मराठीच्या व्याकरणात श्लेष अलंकार आला. 'हे मेघा, तू सर्वांना जीवन देतोस.' जीवन म्हणजे आयुष्य आणि जीवन म्हणजे पाणी. बाकीचा वर्ग उदाहरण पाठ करत होता, आणि मला वाटलं, अरे, ही तर आजोबांची वही. एकाच शब्दाचे नावे आणि जमा.

वहीत मागे मागे गेलं की कोडी अवघड होत जातात. एका पानावर फक्त एक शब्द आहे: 'पेक्काव्ही'. लॅटिन शब्द, अर्थ 'मी पाप केलं आहे'. ब्रिटिश सेनापती चार्ल्स नेपियरने १८४३ मध्ये सिंध जिंकलं आणि वरिष्ठांना एवढाच एक शब्द कळवला, अशी गोष्ट आजोबा रंगवून सांगत. लॅटिनचा इंग्रजी अर्थ 'आय हॅव सिन्ड', आणि कानाला ऐकू येतं 'आय हॅव सिंध'. पोर्तुगीजमध्ये पापाला 'पेकाद' म्हणतात, त्यामुळे हा विनोद आजोबांना लॅटिनच्या दारातून थेट कळला होता. इंग्रजी शिकलेल्या साहेबांना तो समजावून द्यावा लागला, याचा त्यांना फार आनंद होता. त्यांच्या नव्या भाषेतल्या पंधरा वर्षांत बहुधा हीच एक वेळ असेल, जेव्हा ते शिकवत होते आणि समोरचा शिकत होता.

हा विनोद नेपियरचा नव्हता हे मला नंतर कळलं. तो कॅथरीन विंकवर्थ नावाच्या इंग्रज मुलीला सुचला, आणि 'पंच' या विनोदी साप्ताहिकात १८४४ मध्ये छापला गेला. ती तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होती. मला ही खरी गोष्ट जास्त आवडते. एका सेनापतीने आपल्या विजयावर केलेल्या कोटीपेक्षा, एका मुलीने त्या विजयाला एका शब्दात पाप म्हणून दाखवलं, ही गोष्ट मी आठवीच्या मुलींना मुद्दाम सांगते.

मराठीत अक्षराच्या खेळातून आलेला वाक्प्रचार याहून भयंकर आहे. 'ध चा मा करणे.' १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला, आणि पत्रातल्या 'धरावे'चं 'मारावे' केलं गेलं अशी आख्यायिका त्याच्यामागे आहे. इतिहासात तसं घडलं असो वा नसो, एक अक्षर बदललं की माणूस मरतो हे ज्या भाषेला ठाऊक आहे तिच्या मुलांना शब्दांकडे नीट पाहायला शिकवणं अवघड नाही. फक्त यादी देऊन शिकवू नये.

यादीबद्दल माझं मत स्पष्टच सांगते, कारण गेली २५ वर्षं मी पाचवी ते आठवीला इंग्रजी शिकवते आहे. पन्नास वाक्प्रचार, समोर पन्नास अर्थ, परीक्षेत जोड्या लावा. मुलं जोड्या लावतात, गुण मिळवतात आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरतात, कारण यादी डावा रकाना वाया गेलेला समजते. 'स्पिल द बीन्स' म्हणजे गुपित सांगणे, एवढं लिहिलं की शेंगांचे दाणे सांडले ते कोणी पाहिलेच नाहीत. विनोदाचं उलट असतं. विनोद मुलाला आधी डाव्या रकान्यात घेऊन जातो, तिथे नीट बसवतो, आणि शेवटच्या शब्दाला एकदम उजव्या रकान्यात नेऊन सोडतो. त्या क्षणी मुलाच्या मनात दोन्ही अर्थ एकदम हजर असतात. वाक्प्रचार कळणं म्हणजे तरी दुसरं काय असतं?

माझ्या वर्गात शुक्रवारचा शेवटचा तास कोड्यांचा असतो. गावच्या मराठी शाळांतून आलेली मुलं असतात, कामासाठी गोव्यात आलेल्या कुटुंबांतली कन्नड आणि हिंदी बोलणारी मुलंही असतात. एकदा फळ्यावर लिहिलं: 'व्हाय डिड द बॉय थ्रो द क्लॉक आउट ऑफ द विंडो?' मुलाने घड्याळ खिडकीबाहेर का फेकलं? उत्तरं आली. बंद पडलं होतं म्हणून. शाळेला उशीर झाला म्हणून. आई ओरडली म्हणून. मी उत्तर सांगितलं, "ही वॉन्टेड टु सी टाइम फ्लाय." शांतता. कुणालाच कळलं नाही. मी फ्लाय म्हणजे उडणे असं लिहिलं, टाइम म्हणजे वेळ असं लिहिलं, आणि थांबले. अर्थ सांगायचा मोह होतो, पण हा मोह आवरावा लागतो. खिडकीजवळचा एक मुलगा हळूहळू म्हणाला, "टीचर, आजी म्हणते, मे महिन्याची सुटी भुर्रकन गेली. भुर्रकन म्हणजे... उडूनच ना?"

त्यानंतर मी शिकवलं नाही. मुलांनीच शिकवलं. भुर्र चिमणी उडते, मग सुटीलाही पंख असणार, मग घड्याळ फेकणारा मुलगा शहाणाच म्हणायचा. एका मुलीने कन्नडमध्ये काय म्हणतात ते सांगितलं आणि सगळ्यांनी ते म्हणून पाहिलं. मी त्या वर्गाला कधीच 'टाइम फ्लाइज' पाठ करायला दिलं नाही. वर्षाच्या शेवटी निरोपाच्या दिवशी तोच मुलगा बाहेर पडताना म्हणाला, "टीचर, टाइम फ्लू." फ्लू. भूतकाळही बरोबर.

दुसरा एक खेळ आम्ही उलटा खेळतो. मराठी वाक्प्रचार घ्यायचा आणि शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी करायचं, मग चित्र काढायचं. 'क्रोज आर शाउटिंग इन माय स्टमक.' 'माय फादर बिकेम रेड-यलो.' 'आय गेव्ह तूर डाळ ऑन हिज हँड.' मुलं हसून हसून बेजार होतात, आणि हसताना त्यांना कळतं की बाहेरच्या माणसाला आपली भाषाही इतकीच अद्भुत वाटत असणार. पोटात कावळे असलेली माणसं आपण! इंग्रजीतली मांजरं-कुत्री मग फार परकी राहत नाहीत. या खेळात मी एकच नियम ठेवला आहे आणि तो मोडलेला मला चालत नाही: हसायचं ते वाक्याला. बोलणारा चुकला म्हणून कुणी हसलं, तर खेळ तिथेच थांबतो आणि त्या वाक्याचे दोन्ही रकाने मी सगळ्यांसाठी फळ्यावर भरते. हा नियम कुठून आला हे माझ्या वर्गाला ठाऊक नाही. मला ते रबरी सँडल अजून दिसतात.

वहीच्या शेवटून तिसऱ्या पानावर 'टु किक द बकेट' आहे. मरणे. फ्रान्सिस ग्रोस यांच्या १७८५ च्या बोलभाषेच्या कोशात तो सापडतो. बकेट म्हणजे इथे बादली नव्हे, तर मारलेलं डुक्कर ज्या आडव्या वाशाला पाय वर करून टांगत तो वासा, आणि पाय आपटत ते त्याच्यावर, अशी एक उपपत्ती आहे. आजोबांना ती ठाऊक नव्हती. त्यांनी डावीकडे आमच्या न्हाणीतली पितळी बादली काढली होती आणि तिच्या पोटावर लिहिलं होतं, 'बाल्द', कारण बादली हा आपला शब्द पोर्तुगीजांकडूनच आला. उजवीकडे पोर्तुगीजमधलं 'बातेर आश बोताश', बूट आपटणे, तेही मरणंच. आणि खाली मराठीत, गोवऱ्या मसणात जाणे. तीन भाषांतली तीन मरणं एका पानावर, आणि मधे हसरी बादली.

१९९८ च्या पावसाळ्यात ते अंथरुणाला खिळले. श्वास लागायचा, बोलणं कमी झालं होतं. तालुक्याहून एक तरुण डॉक्टर घरी येत. एका संध्याकाळी नाडी बघत त्यांनी विचारलं, "कसं वाटतंय आजोबा?" आजोबांनी थोडा वेळ घेतला, मग इंग्रजीत, एकेक शब्द नीट ठेवत म्हणाले, "डॉक्टर, द बकेट इज स्टिल स्टँडिंग." डॉक्टर क्षणभर थबकले आणि मग मोठ्याने हसले, इतके की आजी स्वयंपाकघरातून धावत आली. आजोबा हसले नाहीत, पण त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. ३७ वर्षं ते ज्या भाषेत चुकू नये म्हणून जपून बोलत आले होते, त्या भाषेत त्यांनी स्वतःचा विनोद केला होता, आणि तो कळला होता. आजीने विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं. ती म्हणाली, "बादली न्हाणीतच आहे, कुठे जाते!" आणि पदराने डोळे पुसले.

त्यानंतर ते नऊ दिवस होते.

गेल्या जुलैतली गोष्ट. दुपारी वीज गेली होती, पत्र्यावर पावसाचा आवाज इतका की शिकवणं शक्य नव्हतं. मी वही शाळेत नेली होती, पावसाचं पान दाखवायला. मुलं बाकांवर चढून, एकमेकांच्या खांद्यावर हनुवट्या ठेवून बघत होती. घागरी कोणाला हव्यात, मुसळं कोणाला, यावर मतदान झालं. पुढच्या बाकावर एक मुलगी असते, मराठी शाळेतून आलेली. जूनपासून वर्गात तिचा आवाज मी ऐकला नव्हता. विचारलं की ती ओठ घट्ट मिटायची. मी तो ओठ ओळखत होते, म्हणून विचारायचं सोडलं होतं.

तेवढ्यात व्हरांड्यातून एक रस्त्यावरचा कुत्रा वर्गाच्या दारात आला. नखशिखांत भिजलेला, हाडं दिसणारा. उंबऱ्यावर उभा राहून त्याने अंग झाडलं आणि सगळीकडे पाणी उडालं. वर्ग गप्प. ती मुलगी उभी राहिली, दाराकडे बोट दाखवलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाली,

"टीचर, वन डॉग हॅज फॉलन."

आधी कुणाला कळलं नाही, मग एकाला कळलं, मग सगळ्यांना. पावसाच्या आवाजावर चढेल असा हशा. ती उभीच होती, आणि तिला कळत होतं की हे हसू तिच्यावर नाही, तिच्यासाठी आहे. हशा ओसरता ओसरता मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "टीचर, कॅट्स आर लेट."

पावसाच्या त्या पानावर, तुळशीच्या खाली, थोडी जागा शिल्लक होती. मी पेन्सिलीने दोन्ही वाक्यं लिहिली, देवनागरीत, आणि तारीख घातली. कुत्रा दारातच वेटोळं करून झोपला. कुणीतरी आपल्या डब्यातली अर्धी चपाती त्याच्यापुढे ठेवली होती.